संस्थेसाठी सीए शोधताना: जानेवारी ते सप्टेंबर २०२५च्या नोंदी

आमची संस्था अकोले तालुक्यात आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवते. नोंदणी दोन्हीकडची आहे, १८६०च्या सोसायटी कायद्याखाली आणि १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली. वर्षाची जमा ४२ लाखांच्या आसपास. त्यातले २२ लाख एका कंपनीचा सीएसआर (सामाजिक कामासाठीचा) निधी, बाकी देणग्या, पालकांकडून येणारी थोडी रक्कम आणि बँकेचं व्याज. परदेशातून पैसा येत नाही, म्हणून एफसीआरए (परदेशी देणग्यांसाठीची नोंदणी) नाही. मी सचिव आहे, हिशेबाचं शिक्षण घेतलेलं नाही. सीए बदलायची वेळ आली तेव्हा कुणी लिहून ठेवलेलं काही सापडलं नाही, म्हणून या नोंदी ठेवल्या.

२० जानेवारी २०२५

सीएसआर देणाऱ्या कंपनीने पुढच्या वर्षाच्या निधीआधी कागद मागितले: १२एबीचं (करमाफीच्या नोंदणीचं) प्रमाणपत्र, तीन वर्षांची विवरणपत्रं आणि प्राप्तिकराची काही येणी बाकी नाहीत याचा पुरावा. पासवर्ड सीएंच्या ऑफिसात. तिथल्या मुलाने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. सचिव होऊन नऊ वर्षं झाली आणि प्राप्तिकराच्या पोर्टलवर मी आज पहिल्यांदा आत गेले.

आत ११ लाख ३८ हजारांची मागणी दिसली. २७ डिसेंबरची नोटीस. आमची करमाफी नाकारून जवळजवळ सगळी जमा उत्पन्न धरलेली, वर व्याज. कारण एका ओळीत होतं: ऑडिट रिपोर्ट मुदतीत दाखल नाही. गेल्या वर्षी मुदत ३० सप्टेंबरवरून ७ ऑक्टोबर केली होती. आमचा ऑडिट रिपोर्ट, म्हणजे फॉर्म १०बीबी, चढला ११ नोव्हेंबरला.

नोटिशीचा ईमेल कुणाला गेला ते पाहिलं. पोर्टलवर संस्थेचा म्हणून जो ईमेल आणि मोबाइल आहे, तो सीएंच्या ऑफिसातून तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या मुलाचा.

२२ जानेवारी

जुन्या सीएंना भेटून आले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. १९ वर्षं आमचं ऑडिट त्यांनी केलं, पहिली काही वर्षं एक पैसा न घेता. आता वय ७४. ऑफिसात ते आणि एक मुलगा.

दोघांनी मिळून तारखा कागदावर मांडल्या. आमची व्हाउचरं त्यांच्याकडे पोचली ३ नोव्हेंबरला. म्हणजे मुदत संपल्यावर २७ दिवसांनी. ताई (आमच्या हिशेबनीस) जूनपासून बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी आम्ही कुणाला घेतलं नव्हतं. ऑडिटच्या वर्षाची उरलेली व्हाउचरं वसतिगृहाच्या कपाटात पिशव्यांत होती. काकांनी आठ दिवसांत सगळं लिहून काढून सही केली. त्यांनी मुदतीची आठवण करून दिली नाही हे खरं, पण आम्ही वह्याच दिल्या नव्हत्या हे त्याहून खरं. इथून पुढे "सीएने चूक केली" असं मी कुठे म्हणणार नाही.

निघताना काकाच म्हणाले, "आता तुम्ही दुसरं माणूस बघा. कायदा दरवर्षी बदलतोय, माझ्याच्याने सगळं वाचून होत नाही."

२७ जानेवारी

कार्यकारिणीची बैठक. नवा सीए नेमायचा ठरलं. अध्यक्ष सर जिल्हा परिषदेत अभियंता होते, त्यांनी सुचवलं की सीलबंद दरपत्रकं मागवू म्हणजे कुणाला बोट ठेवायला जागा नको. सगळ्यांना पटलं, मलाही. संगमनेर, नगर, नाशिक आणि पुण्यातल्या आठ फर्मना पत्रं टाकली.

८ फेब्रुवारी

१२ दिवस वाया गेले. आठातून एकच उत्तर आलं, तेही फोनवर. पुण्याच्या एका सीएंनी नीट समजावलं: ऑडिट हे फक्त सीएंसाठी राखीव काम आहे. अशा कामाच्या टेंडरला, त्यात कमीत कमी फी नमूद केलेली नसेल तर, त्यांच्या संस्थेच्या नियमाप्रमाणे उत्तर देता येत नाही. बांधकामाची निविदा काढावी तसं आम्ही पत्र काढलं होतं. त्यांना जाहिरात करायलाही बंदी आहे, म्हणजे तेही आपल्या दारात येणार नाहीत. आपणच जाऊन भेटायचं, काम सांगायचं, फी विचारायची.

१० फेब्रुवारी

दरपत्रकाऐवजी दोन पानांचा माहितीचा कागद केला. संस्था काय करते, जमा कुठून किती, बँक खाती किती (तीन), वर्षाला व्हाउचरं किती (साधारण १,९००), पावती पुस्तकं किती, टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) कोण लिहितं, कोणत्या नोंदण्या आहेत आणि कधी संपतात, आणि आज अडकलंय काय. शेवटच्या भागात ११ लाख ३८ हजारांची नोटीस लपवली नाही. ताई म्हणाल्या, हे वाचून कोण येईल? मी म्हटलं, हे वाचून जो पळेल तो आपल्याला नकोच आहे.

नावं मिळवण्यासाठी ओळखीच्या सात संस्थांना फोन केले. पहिल्या दोघांना विचारलं, "तुमचे सीए कसे आहेत?" दोघांचंही उत्तर "चांगले आहेत." त्यातून काही कळेना. मग प्रश्न बदलला: "गेल्या वर्षीच्या ऑडिट रिपोर्टवर सहीची तारीख काय आहे?" लोक फाइल काढून वाचून सांगतात. चार संस्थांची तारीख २८, २९ किंवा ३० सप्टेंबर निघाली. एकीची ऑक्टोबरातली. दोघींची जुलै आणि ऑगस्ट. त्या दोघींच्या सीएंची नावं सगळ्यात वर लिहिली. सीए शोधणाऱ्या कुणालाही मी हा एवढा एक प्रश्न आवर्जून सांगेन.

१८ ते २६ फेब्रुवारी: भेटी

चार ठिकाणी गेलो, मी आणि अध्यक्ष सर. सगळीकडे तेच तीन प्रश्न. आमचं १२एबी कधी संपतं? ही नोटीस वाचून काय कराल? आणि आमच्याकडे प्रत्यक्ष कोण येणार, अडलं तर फोन कुणाला करायचा?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक होतं. २०२१मध्ये सगळ्या जुन्या संस्थांना पाच वर्षांसाठी नव्याने नोंदणी मिळाली, ती ३१ मार्च २०२६ला संपते. नूतनीकरणाचा अर्ज त्याआधी किमान सहा महिने, म्हणजे ३० सप्टेंबर २०२५पर्यंत जायला हवा. अर्ज राहिला तर संस्थेची करमाफी जाते आणि देणगीदारांना मिळणारी ८०जीची करसवलतही.

पहिली फर्म जवळची, जायला-यायला सोपी. तिथे उत्तर मिळालं, "एकदा मिळालं की आजीवन असतं." पूर्वी १२एचं तसं होतं, आता नाही. नोटिशीबद्दल "अपिलात जाऊ". फीचं म्हणाल तर ऑडिटचे २५,००० आणि सीएसआर निधी आणून दिला तर त्यावर ५ टक्के. हे ऐकताना अध्यक्ष सरांचा चेहरा उजळला, हे इथे लिहिलं पाहिजे, कारण निधीची चणचण असलेल्या कुठल्याही संस्थेला हा मोह होईल. जो माणूस निधीवर टक्केवारी घेतो, तोच त्या निधीच्या खर्चावर ऑडिटर म्हणून सही कशी करणार? परतीच्या वाटेवर सरांनाही ते पटलं.

दुसरी भेट एका ज्येष्ठ सीएंची. ऑडिट पूर्ण मोफत, सेवा म्हणून. माणूस सज्जन, ज्ञानही पक्कं, तिन्ही उत्तरं बरोबर. पण "साधारण कधी होईल?" यावर "सवडीने करू, काळजी नको." इथे आम्ही जवळजवळ हो म्हणून आलो होतो.

तिसरी पुण्याची मोठी फर्म. उत्तरं चोख. फी १ लाख १० हजार अधिक जीएसटी, प्रवासखर्च वेगळा. आपल्याला जीएसटीचा परतावा मिळत नाही, त्यामुळे १८ टक्के सरळ खर्चात जातात हे धरूनच आकडा बघायचा. ज्या भागीदारांनी आमच्याशी बोलणं केलं ते पुन्हा भेटणार नाहीत, काम आर्टिकलची (सीएचं प्रशिक्षण घेणारी) मुलं करतील, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

चौथी भेट नाशिकला. दोन भागीदारांची फर्म, त्यातल्या मॅडमनी आमच्याशी बोलायला घेतलं. ही भेट सविस्तर लिहिते.

आम्ही ताळेबंद पुढे केला. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "व्हाउचरची एखादी फाइल आणलीय का?" नोव्हेंबरची फाइल पिशवीत होती म्हणून दिली. मधूनच उघडली. किराणा दुकानाचं व्हाउचर, १४,६०० रुपये, रोख. पेन्सिलने कोपऱ्यात बारीक खूण केली आणि म्हणाल्या, "एका दिवसात एका माणसाला १०,०००च्या वर रोख दिलं, तर तो खर्च संस्थेच्या कामासाठी झाला असं प्राप्तिकरवाले धरत नाहीत. तांदूळ मुलींच्या पोटात गेला तरीही." मी पुढचं पान उलटलं, तिथे १२,२००. त्याच्या पुढे पुन्हा १४,०००. दर आठवड्याला आम्ही हेच करत होतो, दुकानदार रोखीवर दोन टक्के सूट देतो म्हणून.

मग एक बिल त्यांनी खिडकीकडे धरलं. थर्मल कागद, अक्षरं उडून गेलेली, फक्त दुकानाचं नाव पुसट दिसत होतं. "याची झेरॉक्स बिल आलं त्याच दिवशी काढून पाठीमागे लावा. वह्या आणि पुरावे दहा वर्षं ठेवावे लागतात, हा कागद एक पावसाळाही टिकत नाही." आमच्या ताई बिलं डिंकाने पूर्ण चिकटवतात, त्यामुळे मागे लिहिलेली सही आणि तारीख दिसत नाही, तेही त्यांनी दाखवलं. फक्त वरची कड चिकटवा म्हणाल्या.

शेवटी इमारतीच्या भाड्याचं व्हाउचर. महिन्याला २६,०००. त्यांनी तोंडीच गुणाकार केला, वर्षाचे ३ लाख १२ हजार. "टीडीएस कापता?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. २०२४-२५च्या नियमाप्रमाणे वर्षाला २ लाख ४० हजारांच्या वर भाडं असेल तर १० टक्के कर कापून सरकारकडे भरावा लागत होता. न कापल्यास त्या खर्चातला ३० टक्के भाग, आमच्या बाबतीत ९३,६००, खर्च म्हणून धरला जात नाही. आमच्याकडे टॅन (टीडीएस भरण्यासाठी लागणारा) नंबर होता. कधीच वापरला नव्हता.

नोटिशीबद्दल त्या म्हणाल्या, अपिलाआधी दुसरा रस्ता आहे. १८ नोव्हेंबर २०२४च्या परिपत्रक क्रमांक १६ने ऑडिट रिपोर्टला झालेला ३६५ दिवसांपर्यंतचा उशीर माफ करण्याचा अधिकार आयुक्तांना दिलाय. आपल्यासाठी ते पुण्याचे आयुक्त, सवलत विभागाचे. उशिराचं खरं कारण पुराव्यासह द्यायचं. ताईंच्या रजेचा अर्ज आणि दवाखान्याचा कागद आहे का? होता.

फी ७०,००० अधिक जीएसटी. त्यात ऑडिट, १०बीबी, आयटीआर-७ (संस्थेचं विवरणपत्र) आणि धर्मादाय कार्यालयाकडे हिशेब दाखल करणं. बाकी कामं वेगळी.

२ मार्च

कार्यकारिणीत तीन तास चर्चा. काकांना आम्ही वर्षाला १८,००० देत होतो, इथे ८२,६००. मोफत ऑडिट समोर असताना एवढे पैसे का, हा प्रश्न रास्त होता. माझं म्हणणं असं की मोफत काम करणाऱ्याला आपण तारीख विचारू शकत नाही आणि आपलं सगळं नुकसान तारखेतच झालंय. एका सभासदांनी विचारलं, हे पैसे वाचवले तर किती मुलींचा महिना निघेल? उत्तर माझ्याकडे नव्हतं, आजही नाही. दोन विरुद्ध सहा मतांनी नाशिक ठरलं.

आणखी एक गोष्ट त्या बैठकीत ठरली. वह्या लिहिणारा आणि तपासणारा वेगळा. पहिल्या फर्मने दोन्ही करून देतो म्हटलं होतं आणि ते सोयीचं वाटलं होतं. पण स्वतः लिहिलेलं स्वतः तपासायचं यात अर्थ नाही. संगमनेरचा एक बी.कॉम. झालेला मुलगा महिन्याला ४,५०० घेऊन आठवड्यातून एक दिवस येणार, ताईंच्या सोबत टॅली लिहिणार.

सही करण्याआधी मॅडमचा सदस्यत्व क्रमांक आणि फर्मचा नोंदणी क्रमांक आयसीएआयच्या (सीएंच्या संस्थेच्या) संकेतस्थळावर पाहून घेतला. त्यांनी एका संस्थेच्या परवानगीने दाखवलेल्या ऑडिट रिपोर्टवरचा यूडीआयएनही (सीएंच्या प्रत्येक सहीचा १८ अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक) तपासला. पाच मिनिटांचं काम आहे. इतक्या वर्षांत कधी केलं नव्हतं.

७ मार्च

घोळ. आमच्या घटनेप्रमाणे हिशेब तपासनीस सर्वसाधारण सभा नेमते, कार्यकारिणी नव्हे. ठराव करून पत्र दिल्यावर मॅडमनीच घटनेची प्रत मागितली आणि कलम दाखवलं. १५ दिवसांची नोटीस देऊन २३ मार्चला विशेष सभा बोलावली.

२४ मार्च

कालच्या सभेत ठराव झाला. आता पुढची अडचण. नव्या सीएंना काम घेण्याआधी जुन्या सीएंना पत्र लिहून विचारावं लागतं. मॅडमनी काकांना रजिस्टर पत्र पाठवलं. काकांची हरकत काहीच नव्हती, पण दोन वर्षांची फी, ३६,०००, आम्ही दिलेली नव्हती. ते कधी बोलले नाहीत आणि आम्ही विसरलो. जुन्या ऑडिटरची वाद नसलेली फी थकलेली असताना नवा ऑडिटर नेमणूक स्वीकारू शकत नाही. आज स्वतः जाऊन धनादेश दिला. १९ वर्षांच्या ऋणाबद्दल असं कायद्याने आठवण करून द्यावी, याची लाज वाटली. तसं काकांना म्हटलंही. त्यांनी चहा मागवला आणि संस्थेच्या फायली बांधायला घेतल्या.

फायलींबरोबर एक डबी परत मिळाली. त्यात अध्यक्षांच्या डिजिटल सहीचा पेनड्राइव्ह. तीन वर्षं तो तिथेच होता. तो आणि त्याचा पासवर्ड ज्याच्या हातात त्याला अध्यक्षांच्या नावाने काहीही दाखल करता येतं. आता संस्थेच्या कपाटात, किल्ली अध्यक्षांकडे. पोर्टलवरचा पासवर्ड बदलला. मोबाइल अध्यक्षांचा, ईमेल संस्थेचा, दुसरा मोबाइल माझा. दर सोमवारी सकाळी मी लॉगिन करून बघते, काही आलंय का.

२९ मार्च

उशीर माफीचा अर्ज पुण्याला गेला. सोबत ताईंच्या रजेचे कागद, तारखांचा तक्ता, आधीच्या पाच वर्षांचे वेळेत दाखल केलेले रिपोर्ट. तक्त्यात "वह्या सीएंकडे दिल्या: ३ नोव्हेंबर" हे जसंच्या तसं लिहिलं. मला वाटलं होतं की हे झाकून ठेवावं. मॅडम म्हणाल्या, झाकलेलं कारण तोकडं दिसतं. पोर्टलवर मागणीला "असहमत" असं उत्तर नोंदवलं.

मार्च संपायच्या आत वर्षभराचा भाड्याचा टीडीएस, ३१,२००, एकदम कापला. घरमालक रागावले. दोनदा जाऊन समजावलं की हे पैसे त्यांच्याच नावावर जमा होतात. व्याजाचे दोन हजारांच्या वर गेले, ते संस्थेच्या पदरचे.

१७ एप्रिल

दोन आर्टिकलच्या मुली वसतिगृहावर दोन दिवस राहून गेल्या. वर्ष संपल्या-संपल्या पहिली फेरी ही आम्ही घातलेली अट होती. पावती पुस्तकांचे क्रमांक लावताना १४०१ ते १४५० हे पुस्तक सापडेना. दीड दिवस शोधलं. यात्रेत देणगी गोळा करायला एका कार्यकर्त्याला दिलेलं, त्याच्या घरी माळ्यावर निघालं, पूर्ण कोरं. आता पुस्तक देताना-घेताना सहीचं रजिस्टर आहे.

दुकानदाराला आता आठवड्याला एनईएफटीने पैसे जातात. सूट गेली. वर्षाला साधारण १३,००० जास्त लागतील.

२९ मे

फॉर्म १०बीडी (वर्षाच्या देणगीदारांची यादी) चढवला, मुदतीच्या दोन दिवस आधी. देणगीदार २१४, त्यातल्या ३७ जणांचा पॅन नव्हता. ११ दिवस फोन करण्यात गेले. मुंबईला असलेल्या आमच्या माजी विद्यार्थिनी दर वर्षी पाचशे-हजार पाठवतात. त्यांना पॅन विचारला की आधी घाबरतात, वाटतं फसवणुकीचा फोन आहे. पुढल्या वर्षापासून पावतीवरच पॅनची चौकट छापली आहे. मुदतीनंतर दिवसाला २०० रुपये लागतात, वर दंड वेगळा. २,०००च्या वर रोख दिलेल्यांना ८०जीची सवलत मिळत नाही, हे अशा नऊ जणांना फोनवर सांगावं लागलं. ती जबाबदारी आमची होती, पैसे घेतानाच सांगायला हवं होतं.

१९ जून

पुण्याहून आदेश आला. उशीर माफ. तो घेऊन बेंगळुरूच्या प्रक्रिया केंद्राकडे दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी टाकला.

१६ जुलै

मुख्य ऑडिट, तीन दिवस. वह्या २० मेला पुऱ्या झाल्या होत्या, म्हणून सुरळीत गेलं. एका ठिकाणी अडलं. ताळेबंदात कायम निधी ३ लाख २० हजार दिसतो, २००६पासूनचा. तो कायम निधीच आहे असं देणगीदाराने लिहून दिलेलं पत्र कुठे आहे? आमच्याकडे नाही. पत्र नसेल तर तसा शेरा रिपोर्टात येईल, मॅडमनी स्पष्ट सांगितलं. मी रदबदली करून पाहिली. त्या ऐकेनात.

२१ जुलै

काकांना फोन केला. "२००६? थांबा." दोन तासांनी परत फोन आला, या म्हणाले. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीतून त्यांनी आंतरदेशीय पत्र काढून ठेवलं होतं. नाशिकमध्ये शिक्षिका असलेल्या एका बाईंनी निवृत्त होताना लिहिलेलं: ही रक्कम मोडू नये, फक्त व्याज मुलींच्या वह्या-पुस्तकांवर खर्च करावं. निळी शाई, खाली सही, तारीख. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात खतावणीचं पान. हे पत्र मी कधी वाचलेलं नव्हतं. मुदत ठेवीचं व्याज आम्ही इतकी वर्षं सरसकट किराण्यात घालत होतो. यापुढे त्या व्याजाचं खातं वेगळं, आणि त्यातून फक्त वह्या-पुस्तकं.

४ ऑगस्ट

पोर्टलवर मागणी शून्य. कंपनीला त्याच दुपारी कागद पाठवले. त्यांचा निधी एप्रिलऐवजी आता येईल. मधले चार महिने वसतिगृह ठेवीतून आणि दोन सभासदांच्या हातउसन्यावर चाललं.

१२ ऑगस्ट

८ तारखेला ऑडिट रिपोर्टवर सही झाली, शेरा न लागता. १०बीबी आज चढला आणि अध्यक्षांनी तो स्वतःच्या डिजिटल सहीने मान्य केला. परिशिष्ट आठ आणि नऊ (ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च) धर्मादाय कार्यालयाच्या पोर्टलवर दाखल.

तिथेच एक जुनं दुखणं वर आलं. धर्मादायच्या दप्तरी विश्वस्तांच्या यादीत २०१९ला वारलेल्या एका विश्वस्तांचं नाव अजून आहे. बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो, आम्ही दिलाच नाही. हे सीएंचं नव्हे, वकिलांचं काम. नगरच्या एका वकिलांकडे कागद दिलेत, फी १२,०००.

५ सप्टेंबर

१२एबी आणि ८०जी, दोन्हींच्या नूतनीकरणाचे अर्ज काल दाखल झाले, मुदतीच्या २६ दिवस आधी. यंदाच्या वित्त कायद्याने आधीच्या दोन्ही वर्षांत ५ कोटींपर्यंत उत्पन्न असलेल्या संस्थांना १२एबी दहा वर्षांसाठी मिळू शकतं, ८०जी मात्र पाचच. विभागाकडून कागद मागणारी नोटीस येईल, त्याची फाइल तयार आहे.

आतापर्यंतचा खर्च: ऑडिट ८२,६००, उशीर माफी आणि दुरुस्ती २५,०००, नूतनीकरण १५,०००, १०बीडी ६,०००, या शेवटच्या तिन्हींवर जीएसटी वेगळा. हिशेबनीस मुलाला सहा महिन्यांचे २७,०००. काकांची थकबाकी ३६,०००. नाशिकच्या सहा फेऱ्या, पुण्याच्या दोन. माझे साधारण ४५ दिवस, जे खरं तर वसतिगृहात जायला हवे होते.

८ सप्टेंबर

सोमवार. लॉगिन केलं, काही आलेलं नाही. सहामाहीच्या वह्या-पुस्तकांची यादी मुलींकडून घेतली आणि शिक्षिकाबाईंच्या ठेवीच्या व्याजातून पहिलं व्हाउचर ताईंनी लिहिलं: ६८ वह्या, १२ कंपासपेट्या, ३,९४० रुपये, धनादेशाने. बिलाची झेरॉक्स मागे लावली आहे, फक्त वरची कड चिकटवून.